आलो आणि आले

माझी आई सही करताना आधी 'सौ.' लिहायची. मग टिंब, मग नाव, मग बाबांच्या नावाचं पहिलं अक्षर, मग आडनाव आणि खाली एक रेघ. माझ्या प्रगतिपुस्तकावर, पोस्टाच्या पावतीवर, गॅसच्या पुस्तकात सगळीकडे हीच सही. लग्नानंतर बाबांनी बँकेत खातं काढून दिलं तेव्हा त्यांनीच शेजारी बसून तिला ती गिरवायला लावली होती म्हणे.

गेल्या वर्षी बाबा गेले. दोन-तीन महिन्यांनी जॉइंट खात्यावरून त्यांचं नाव कमी करायला आम्ही दोघी बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलानं अर्ज पाहिला, स्क्रीन पाहिली, परत अर्ज पाहिला.

"मावशी, सही जुळत नाही. पुढे काहीतरी होतं बघा. आधीसारखी करा."

त्यानं स्क्रीन आमच्याकडे वळवली. तिथे आईच्या तरुण हातचा 'सौ.' होता, चांगला ठळक, औकाराच्या दोन्ही मात्रा वाऱ्यावर उडाल्यासारख्या. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आता ते कसं लिहू?"

"कार्डावर आहे तशीच लागते हो. सिस्टीम घेत नाही."

तो मुलगा दुष्ट नव्हता. रांग मोठी होती, त्याच्यामागे कोणीतरी सारखं फाइल मागत होतं. पण माझं डोकं सटकलं आणि तोंडातून इंग्रजी कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. तेही साधं नाही, ऑफिसात परदेशी माणसांशी बोलताना वापरते ते, दात न दाखवता चावणारं. अर्ध्या मिनिटात 'मावशी'ची 'मॅडम' झाली. आतून कोणी साहेब आले. नव्या सहीचा फॉर्म आला. एक खुर्चीही आली.

आई बसली नाही. "मी उभी बरी आहे," म्हणाली.

परत येताना रिक्षात बराच वेळ गप्प होती. सिग्नलला म्हणाली, "मराठीत सांगितलं असतंस तर कळलं नसतं का त्याला?"

मी उत्तर दिलं नाही. तेव्हापासून हे डोक्यात आहे, आणि आता लिहायला बसलेय.

एक तर त्या 'सौ.'चीच गंमत बघा. पुरुष जन्मभर 'श्री.' असतो. मुंज झाली, लग्न झालं, बायको गेली, दुसरी आली, 'श्री.' ढिम्म हलत नाही. बाईला मात्र नावाआधी पाटी लावून फिरावं लागतं: कु., सौ., श्रीमती, गं. भा. पत्रिकेतल्या नावांच्या यादीवरून नजर फिरवली तरी कोणाचा नवरा आहे, कोणाचा गेला आणि कोणाला अजून मिळालेला नाही याचा हिशेब लागतो. 2023 मध्ये तर राज्याच्या महिला व बालविकास खात्यातच विधवांना सन्मानानं 'गंगा भागीरथी' म्हणायचा प्रस्ताव पुढे आला होता. आरडाओरडा झाला आणि तो बारगळला. पण सुचलं कसं, याचं मला अजून नवल वाटतं. बाईचा मान वाढवायचा तर तिच्या नवऱ्याच्या मरणाला गोड नाव द्यायचं! त्याआधीच्या वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करायचा ठराव केला होता. त्या गावाला जे कळलं ते मंत्रालयापर्यंत पोचायला वेळ लागला.

नावाचंही तेच. आईचं माहेरचं नाव एका नदीचं. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं, देवीचं. तिला कोणी विचारलं नव्हतं. विचारायची गोष्टच नव्हती ती. तांदूळ नंतर डब्यात गेले, नाव राहिलं. आपल्याकडच्या दोन फार मोठ्या बायकांची माहेरची नावं एकच होती: यमुना. एक रमाबाई रानडे झाली, दुसरी डॉक्टर आनंदीबाई जोशी. दोघींनाही आपण सासरच्या नावानं ओळखतो आणि अभिमानानं ओळखतो. त्या दोन यमुनांचं काय झालं हा प्रश्न मनात आला तरी आगाऊपणा वाटतो.

रमाबाईंनी आठवणींत लिहिलंय की लग्नानंतर पहिल्यांदा एकांतात भेटले तेव्हा माधवरावांनी विचारलं, मी कोण ते ठाऊक आहे का, माझं नाव सांग पाहू. अकरा वर्षांच्या त्या मुलीनं ऐकलेलं पूर्ण नाव सांगून टाकलं. 1873 साल. मला या प्रसंगात फार मजा वाटते. कारण पुढे शंभर वर्षं तरी मराठी बाईनं नवऱ्याचं नाव घेणं म्हणजे उखाण्यात घेणं, तेही चार बायकांनी आग्रह केल्यावर, लाजून, यमक जुळवून. आई अजूनही बाबांचं नाव नुसतं उच्चारत नाही. बँकेत मृताचं नाव विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं.

नाव बदललं ते सगळ्यांना माहीत आहे. आईचं त्याहून बारीक काहीतरी बदललं, ते मला फार उशिरा कळलं.

आई कोल्हापूरकडची. तिकडच्या बायका 'मी आलो', 'मी जातो', 'मी जेवलो' म्हणतात. पुरुषासारखं बोलायचं म्हणून नाही. तिथली बोलीच तशी. आजी सत्तरीतही "मी जाऊन आलो देवळात" म्हणायची आणि त्यात तिचं बाईपण कुठे सांडत नव्हतं. आई एकोणीस वर्षांची होऊन पुण्यात सासरी आली. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून "आलो, आलो" म्हणाली आणि बाहेर हशा पिकला. नणंदांनी तो शब्द पुढे महिनाभर पुरवला. दारावर कोणी आलं की "आपल्याकडे नवीन 'आलो' आलाय" असं सांगायच्या. द्वेष नव्हता त्यात. थट्टाच होती. आजोबांनी मात्र गंभीरपणे, शुद्ध मराठी कसं बोलावं हे तिला समजावून सांगितलं.

तिनं महिन्याभरात क्रियापदं बदलली. 'आलो'चं 'आले', 'जातो'चं 'जाते', 'केलो'चं 'केलं'. मी जन्मले तोवर ती पक्की पुणेरी झाली होती. न-ण तर माझ्यापेक्षा चांगले. मला ती 'आनी-पानी' म्हणणाऱ्या मैत्रिणींना कधी हसू द्यायची नाही, एवढंच वेगळं होतं. का ते तेव्हा कळलं नाही.

व्याकरणातली एक गोष्ट मला या निमित्तानं दिसली. पुस्तकी मराठीतही 'आम्ही'ला बाई-पुरुष नसतो. चार बायका आल्या तरी 'आम्ही आलो', चार बाप्ये आले तरी 'आम्ही आलो'. म्हणजे घोळक्यात असेल तर बाईला क्रियापद मोकळं सोडतं. एकटी सापडली की लगेच विचारतं, तू कोण? कोल्हापूरकडच्या बायकांनी एकटीसाठीही 'आलो'च ठेवलंय. हे कोणी बंड म्हणून केलेलं नाही आणि मी त्याला बंड म्हणणारही नाही. तिकडच्या बाईला सासुरवास कमी असतो असं तर मुळीच नाही. 'आलो' म्हणणाऱ्या आजीनं मार खाल्लेला आहे. पण जी गोष्ट तिच्या जिभेवर सहज होती ती 'गावंढळ' ठरवून काढून घेतली गेली, आणि काढून घेणाऱ्यांत बायकाच पुढे होत्या.

'अहो'बद्दल लोक फार बोलतात, म्हणून मी थोडंच बोलते. नवरा 'अगं तू', बायको 'अहो तुम्ही'. आईला आपण 'ए आई', वडिलांना 'अहो बाबा'. यावर चिडणाऱ्या मैत्रिणी आहेत मला. पण मराठीत 'तू' हा काही हलका शब्द नाही. विठ्ठलाला आपण 'तू'च म्हणतो, आणि आईला मी उद्यापासून 'अहो आई' म्हणू लागले तर ती डॉक्टरकडे नेईल मला. बोच आहे ती एकाच बाजूनं जाण्यात. आता माझ्या वयाच्या बऱ्याच जणी नवऱ्याला 'अरे' म्हणतात आणि सासूबाई खोलीत आल्या की वाक्याच्या मधोमध 'अहो'वर येतात. गाडीचा गिअर बदलावा तसा. मीही अनेक वर्षं केलंय. आणि हल्लीच्या मुली लग्नाच्या फोटोंखाली हौसेनं 'अहोंसोबत' लिहितात, ते पाहून मला हसावं की रडावं कळत नाही. असो.

शिव्यांचा विषय काढला तर लेख बिघडेल, पण एक सांगते. मराठीनं देव्यांना सुद्धा सोडलेलं नाही. सटवाई म्हणजे पाचव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिणारी, आणि 'सटवी' ही शिवी. भवानी तुळजापुरात देवी, आणि घरात तोंड वर करून बोलणारी मुलगी ही 'भवानी'. जगदंबा, महामाया, सगळ्यांची तीच गत. देव्हाऱ्यात हात जोडायचे आणि तेच नाव ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर फेकायचं. नवऱ्यानं बाईला घराबाहेर काढलं तर ती 'टाकलेली'. ती स्वतः पिशवी उचलून निघाली तरी 'टाकलेली'च. निघून आलेल्या बाईला मराठीत धड शब्द नाही.

मग आमच्यासारख्या इंग्रजीकडे पळतात यात नवल काय? पाळी म्हणायला संकोच, म्हणून 'पिरियड्स'. त्याआधी आजी 'कावळा शिवला' म्हणायची, आई 'अडचण'. अडचण! महिन्यातले चार दिवस स्वतःच्याच अंगाला अडचण म्हणायचं. छातीत गाठ लागली तर काकूनं डॉक्टरीणबाईंना "इथे... जरा..." एवढंच सांगितलं होतं, पुढचं मी 'ब्रेस्ट'मध्ये सांगितलं. ऑफिसातल्या वरिष्ठानं खांद्यावर हात ठेवला त्याची तक्रार मी इंग्रजीत लिहिली. मराठीत लिहायला बसले तर पहिल्याच ओळीत माझी मला लाज वाटायला लागली. 'यू'ला लहानमोठं नाही. त्या भाषेत माझी आजी नाही, आत्या नाही, 'शोभतं का बाईच्या जातीला' हे वाक्य नाही. निदान माझ्या इंग्रजीत तरी नाही. ज्यांची ती मायबोली आहे त्यांच्याकडे त्यांच्या आत्या असतीलच.

इंग्रजीला उगीच नावं ठेवायची माझी इच्छा नाही. सावित्रीबाई फुल्यांनी 1854 च्या आपल्या काव्यसंग्रहात शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितलंय, तिला माउली म्हटलंय. ज्यांना मराठीच्या शुद्धतेनं दाराबाहेर उभं केलं होतं त्यांना परकी भाषा आईसारखी वाटली तर त्यांना कुठल्या तोंडानं दोष द्यायचा?

पण दोन बायकांची गोष्ट मला सारखी आठवते. 1881 मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली. वर्तमानपत्रं बायकांच्या चालचलणुकीवर तुटून पडली. बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे खवळल्या आणि 1882 मध्ये त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापून आलं. मराठीत. कसल्या मराठीत म्हणाल तर परड्यात उभं राहून भांडावं अशा, म्हणींनी आणि टोमण्यांनी भरलेल्या. पुरुष बायकांना जे जे दोष चिकटवतात ते एकेक उचलून त्यांच्याच पदरात घातलेले. जोतीरावांनी पाठराखण केली, बाकीच्यांनी टर उडवली. त्यानंतर ताराबाईंनी काही लिहिल्याचं दिसत नाही. पुस्तकही विस्मरणात गेलं. ते पुन्हा छापून वाचकांसमोर यायला 1975 उजाडलं.

ताराबाईंच्या पुस्तकानंतर तीनच वर्षांनी, 1885 मध्ये, मुंबईत रखमाबाई 'टाइम्स ऑफ इंडिया'त इंग्रजीत पत्रं लिहीत होत्या. सहीच्या जागी 'एक हिंदू स्त्री'. अकराव्या वर्षी लग्न लागलेलं, नवरा दादाजी यानं ती नांदायला येत नाही म्हणून दावा लावलेला. त्या पत्रांची चर्चा पार विलायतेत झाली. ताराबाईंना इथे फारसं कोणी ऐकेना आणि रखमाबाईंना लंडननं ऐकलं, हा फरक भाषेचा. पण गंमत पुढेच आहे. त्याच इंग्रजी भाषेतल्या कोर्टानं आधी त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि 1887 मध्ये फिरवून सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, आणि त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या.

बायकोला नांदायला पाठवायचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हेच. तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून साहेबानं इथे आणला. साहेब गेला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात आपण तो कलम 9 म्हणून जपून ठेवला. इंग्लंडनं स्वतःचा 1970 मध्ये काढून टाकला. आपल्याकडे अजून वकील 'नांदायला ये' अशी नोटीस पाठवतात. कागदावर ते कलम नवरा-बायको दोघांसाठी सारखं आहे, पण 'नांदणं' हे क्रियापद बघा: नवरा कधी नांदतो का? सुख नांदतं, लक्ष्मी नांदते आणि सून नांदते. परक्यांचा कायदा आणि आपला शब्द यांची इतकी चांगली सोयरीक जमली की आता कोणतं कोणाचं ते सांगता येत नाही.

आता 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचं नाव सरकारी कागदावर लावताना त्याच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असं राज्य सरकारनं ठरवलंय. चांगलं झालं. भाचीच्या बाळाच्या दाखल्यावर ते पाहून आईनं चष्मा लावून दोनदा वाचलं. लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे मात्र नवऱ्याचंच नाव लावायची पद्धत तशीच ठेवली आहे. म्हणजे आई होताना तिला जागा, बायको म्हणून नाही.

बँकेतल्या त्या दुपारी मला जे टोचलं ते यातलं कुठलंच नव्हतं, खरं तर. मला टोचली ती खुर्ची. त्या मुलाला आईचं म्हणणं कळलं होतं. "आता ते कसं लिहू" यात न कळण्यासारखं काय आहे? त्याच्या स्वतःच्या आईनंही ते तसंच म्हटलं असतं. कळलं होतं म्हणूनच तो स्क्रीनकडे बघत राहिला. आणि मी काय केलं, तर तिला जी भाषा येत नाही त्या भाषेत, तिच्या डोक्यावरून, तिच्या मानासाठी भांडले. साठ वर्षांपूर्वी पुण्याच्या एखाद्या घरात कोणी पाहुण्यासमोर मुद्दाम इंग्रजीत बोलून घरच्या बाईला बाजूला काढत असेल, तेव्हा ती अशीच हात बांधून उभी राहत असेल. नणंदांनी तिचं 'आलो' काढून घेतलं आणि मी तिच्या उरलेल्या मराठीची त्या काउंटरवर किंमत शून्य करून दाखवली. माझा हेतू चांगला होता. नणंदांचाही वाईट नव्हता.

नव्या सहीच्या फॉर्मवर तीन चौकोन होते. साहेब म्हणाले, "मॅडम, तीनही सह्या सारख्या यायला हव्यात." आईनं पेन हातात घेतलं आणि थांबली. मला वाटलं आता नदीचं नाव लिहिते की काय. पण तसलं काही होत नसतं. आधार कार्डावर, पॅनवर, पासबुकावर देवीच आहे. तिनं देवीचंच नाव लिहिलं. मग बाबांचं अक्षर न घालता आडनाव. रेघ मारली नाही. पहिल्या चौकोनात अक्षर कापलं, दुसऱ्यात जरा बरं आलं. तिसऱ्यात तिनं पेन टेकवलं तेव्हा सवयीनं 'स' निघाला. तिनं तो खोडला नाही. "दुसरा कागद द्या," म्हणाली. मराठीत, मोठ्यानं. मुलानं लगेच दिला.

घरी आल्यावर मी चहा टाकला. फोन वाजला, इचलकरंजीहून मावशीचा. मावशी अजून तिला नदीच्या नावानंच हाक मारते, आणि ती हाक फोनमधून स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते. आई कोचावर पाय वर घेऊन बसली, पदरानं चष्मा पुसत.

"व्हय गं," म्हणाली. "बँकेत जाऊन आलो की आत्ताच."